मेजावरची जागा : काही आवडती, काही नावडती उपाहारगृहे

कादंबरी वाचून झाली की तिच्यावर चार शब्द लिहावेत, नाटक पाहून आले की त्याचे गुणदोष सांगावेत, अशी आपल्याकडे रीत आहे. उपाहारगृहाच्या वाट्याला मात्र असे परीक्षण सहसा येत नाही. तेथून बाहेर पडताना आपण फार तर "बरे होते" किंवा "महाग होते" एवढेच म्हणतो आणि रिक्षात बसतो. वास्तविक आमच्या आगाशी परिसरातील कुटुंबे आज वर्षाकाठी जितकी नाटके पाहतात त्याच्या कितीतरी पट वेळा बाहेर जेवतात. बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद, दहावीचा निकाल, लग्नाचा वाढदिवस, इतकेच काय, नुसता रविवारदेखील आता बाहेरच्या मेजावर साजरा होतो. जी गोष्ट कुटुंबाच्या जीवनात एवढी जागा व्यापते, तिची समीक्षा व्हावयास नको काय?

मराठीत खाण्यावर लिहिलेच गेले नाही, असे नव्हे. पु. ल. देशपांडे यांचा 'माझे खाद्यजीवन' हा लेख आणि दुर्गाबाई भागवतांचे 'खमंग' हे पुस्तक रसिकांना परिचित आहे. तथापि पदार्थावर लिहिणे वेगळे आणि तो पदार्थ ज्या छपराखाली, ज्या माणसांच्या सोबतीने खावयाचा त्या जागेवर लिहिणे वेगळे. आम्हाला येथे दुसरी गोष्ट करावयाची आहे. चवीविषयी मतभेद राहणारच. एकाला इराण्याचा कडक चहा रुचेल, दुसऱ्याला तो औषधासारखा वाटेल. म्हणून आमची कसोटी जिभेची नाही. येथे कोणाला बसता येते, किती वेळ बसता येते, आणि वाढणाऱ्या माणसाला माणूस म्हणून काही किंमत आहे काय, या तीन प्रश्नांवर आम्ही उपाहारगृहे तपासणार आहोत. चव ही त्यानंतरची बाब.

ही कसोटी आम्ही आज नव्याने शोधून काढलेली नाही. महाराष्ट्रात बाहेर खाण्याचा इतिहासच मुळी तिच्याभोवती फिरतो. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठितांना चहा-बिस्किटे देण्यात आली. निमंत्रितांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. हा बेत घडवून आणणाऱ्या गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रांत जाहीर केली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांच्या न्यायासनापर्यंत गेले, प्रायश्चित्ते सांगण्यात आली. ख्रिस्ती माणसाच्या मेजावरचा एक पेला चहा, तोही काहींनी म्हणे ओठाला लावला नव्हता, एवढ्याने समाज ढवळून निघाला! त्या काळी रेल्वे स्थानकांवर हिंदू पाणी वेगळे व मुसलमान पाणी वेगळे असे. खाणावळींच्या पाट्यांवर जातीचे नाव असणे हा तर पाहुण्याला दिलेला विश्वासाचा दाखला समजला जाई. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे ज्याच्या स्मरणात आहे त्याला आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, विहिरी आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा मुद्दाम उल्लेख का केला, हे वेगळे सांगावे लागणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने त्या तत्त्वाला शिक्षेचे बळ दिले. हॉटेलच्या दारातून आत जाणे ही आपल्या देशात घटनेने मिळवून दिलेली गोष्ट आहे. पिझ्झा मागविताना हे कोणाच्या ध्यानी येत नाही, इतकेच.

हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे आमच्या आवडीच्या यादीत पहिले नाव इराण्याचे का, याचा उलगडा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी यझ्द व केरमान या इराणी प्रांतांतून आलेल्या झरथुष्ट्री लोकांनी मुंबईत चहाची दुकाने थाटली. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी घेत नसत, ती इराण्यांनी घेतली, असे सांगतात. कारण काहीही असो, दोन्ही रस्त्यांना उघडणारी ती दारे जणू कोणालाच अडवावयाचे नाही असे ठरवूनच बसविली होती. संगमरवरी मेजे, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे, बरण्यांतील खारी व नानकटाई, आणि गल्ल्यावर बसलेला मालक. हमाल, कारकून, विद्यार्थी, टांगेवाला, वकील या सर्वांना त्याच पेल्यात तोच चहा. जात विचारावी तर इराण्याला तिची गरज नव्हती आणि सांगावी तर ऐकावयाला त्याला सवड नव्हती.

धोबीतलावला १९०४ साली सुरू झालेले कयानी आजही चालू आहे. ते ज्या जेर महाल इमारतीत आहे, तिच्याच मजल्यांवर गोमंतकीय ख्रिस्ती खलाशांची 'कूड', म्हणजे गावोगावची वसतिस्थाने, होती. जहाजावर चढण्याआधीचे कित्येक दिवस ज्यांनी तेथे वाट पाहण्यात काढले, त्यांना खालचा चहा व ब्रून-मस्का हाच आधार होता. बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. तेथील बेरी पुलावाची कीर्ती मोठी आहे, परंतु आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की, त्याचे वृद्ध मालक बोमन कोहिनूर २०१९ साली सत्त्याण्णवाव्या वर्षी निधन पावेपर्यंत मेजामेजाशी जाऊन पाहुण्याची विचारपूस करीत असत. मालकाने स्वतः येऊन विचारणे याला मेनूकार्डात किंमत लिहिता येत नाही.

वसईकरांचे इराण्याशी नाते विशेष जवळचे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या आपल्या वाड्यांतील केळी, भाजी, फुले व पानवेलीची पाने मुंबईच्या बाजारात गेली. पहाटेची गाडी पकडून गेलेल्या माणसाला माल विकून झाल्यावर दोन घटका टेकावयाला जी जागा लागे, ती इराण्याने दिली. लाल लुगड्यातील आपली म्हातारी रिकामी टोपली खुर्चीपाशी ठेवून बशीतून चहा पिऊ शके आणि तिला कोणी "बाहेर बस" म्हणत नसे. हे लहान वाटते. पंचहौदचे प्रकरण आठवले म्हणजे ते लहान राहत नाही.

इराण्याचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर हे परीक्षण न राहता आरती होईल. त्याच्या भिंतीवर मनाईच्या पाट्या फार. हे करू नका, ते करू नका, केस विंचरू नका, वाद घालू नका. धोबीतलावच्या बास्तानीतील अशाच फलकावरून निस्सीम एझिकेल यांनी एक मिस्कील इंग्रजी कविता रचली, ती वाचनीय आहे. शिवाय पाव सोडला तर खाण्यात विविधता बेताची. आज ही दुकाने मुंबईत बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मुलांनी दुसरे व्यवसाय पत्करले, भागीदारांत वाटण्या झाल्या, आणि मोक्याच्या कोपऱ्याची किंमत चहाच्या पेल्याच्या आवाक्याबाहेर गेली. एका पेल्यावर तासभर बसू देणारे दुकान आजच्या भाड्यात चालविणे कठीण, हे मान्य केलेच पाहिजे.

आमच्या आवडीचे दुसरे स्थान खाणावळीचे. येथे आम्ही गिरणगावातील खाणावळवाल्या बायांना मान देतो. घाटावरून व कोकणातून आलेला गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राही आणि शेजारच्या खोलीत एखादी बाई त्या सर्वांची चूल सांभाळी. महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी, गैरहजर दिवसाचा खाडा धरावयाचा, आजाऱ्याला पेज वेगळी. या बायांना सावकाराच्या व्याजातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. बँकेचे कर्ज त्यांच्या नावावर मिळवून दिले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा कामगारांच्या पगाराबरोबर खाणावळींचे येणेही थांबले. जेवणारा आणि वाढणारी दोघेही एकाच संकटात सापडले. ज्या जेवणघरात पाहुण्याची व यजमानिणीची चिंता एकच असते त्याला आम्ही तरी हलके म्हणू शकत नाही. तेथे मेज नव्हते, जमिनीवर पाट वा पोते होते. पण जागा होती.

याच्या शेजारी सरकारी प्रयोग ठेवून पाहावा. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली. हेतू स्तुत्य होता. परंतु पुढे अनेक केंद्रांत झुणका-भाकरीखेरीज बाकी सारे मिळू लागले, हे सर्वांनी पाहिले आहे. २६ जानेवारी २०२० पासून १० रुपयांची शिवभोजन थाळी आली आणि पाठोपाठ आलेल्या महामारीत ती अनेकांच्या उपयोगी पडली, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. स्वस्त ताट म्हणजे यजमानपण नव्हे. मात्र भुकेल्याला आधी ताट लागते, हेही तितकेच खरे.

तिसरे स्थान उडुप्याचे. दक्षिण कन्नडमधून आलेल्या या मंडळींनी शुचिता, वेग आणि माफक दर यांचा असा मेळ घातला की मुंबईतून ठाण्यात आणि ठाण्यातून आपल्या विरारपर्यंत त्यांची इडली पोहोचली. माटुंग्याचे कॅफे मद्रास १९४० चे, रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. नायकांकडे केळीच्या पानावर जेवण वाढतात. जेवणारा शेजारी कोण आहे हे पाहण्याची सोय नाही, रांगेत जो येईल तो शेजारी. अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून सांबार-भात खाण्यात एक प्रकारचे नागरिकत्व आहे, असे आम्हाला वाटते. उडुप्याचा दोष म्हणजे घाई. तुमचा शेवटचा घास तोंडात असताना पुढचे गिऱ्हाईक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे असते, आणि बिल न मागता येते. म्हाताऱ्या माणसाचे तेथे जेवण होत नाही, धावपळ होते.

उडुप्याच्या किंवा कोणत्याही हॉटेलच्या परीक्षणात एक मनुष्य नेहमी सुटून जातो. तो म्हणजे फडके मारणारा 'पोऱ्या'. दहा-बारा वर्षांचा मुलगा, गाव सोडून आलेला, रात्री मेजे जोडून त्यांवर निजणारा. त्यांतील काही रात्रशाळेत शिकले, पुढे मालक झाले, हे भूषणावह खरे. पण किती जण तसेच विरून गेले? कविवर्य नारायण सुर्वे यांनी बालपणी जी नाना कामे केली त्यांत हॉटेलातील कपबश्या विसळणेही होते. आपल्याला त्यांची कविता मिळाली. इतर हजारो कपबश्यांमागून काय मिळावयाचे राहून गेले, कोणास ठाऊक? १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालील मुलांना हॉटेलांत, ढाब्यांवर व घरकामास ठेवण्यास बंदी झाली, २०१६ च्या दुरुस्तीने ती अधिक व्यापक झाली. कायदा झाला, परंतु त्याचा पहारेकरी गिऱ्हाईकच. जेथे पाणी आणून देणारा हात कोवळा दिसेल तेथून आपण उठलो पाहिजे. पदार्थ कितीही उत्तम असो, आमच्या यादीत ते उपाहारगृह सर्वांत खाली.

आता वडापावाकडे वळू, कारण जुने आणि नवे यांना जोडणारा दुवा तोच आहे. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकण्यास प्रारंभ केला, असे मानले जाते. गिरणी कामगाराला एका हातात धरून, चालता चालता खाता यावे, अशी त्याची योजना. आपल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा, बटाटा हाही त्यांचाच, आणि वड्यातील मिरचीदेखील त्यांच्याच गलबतांतून या किनाऱ्यावर उतरली. १५३४ ते १७३९ अशी दोन शतके ज्या वसईवर त्यांचा अंमल होता, त्या भूमीच्या शेजारी मराठी बेसनाने या परक्यांना आपल्या पोटात घेतले. 'मराठी माणसाचे खाणे' म्हणून ज्याचा गौरव होतो, तेच असे पाहुण्यांनी भरलेले आहे! बंद दाराच्या स्वयंपाकघरातून वडापाव कधीही निघाला नसता. वडापावाच्या गाडीला मेज नाही, खुर्ची नाही, तरी ती आमच्या आवडीची आहे, कारण तिच्यापुढे साहेब आणि सफाई कामगार सारखेच उभे असतात.

याच वडापावाची २००१ साली मालाड स्थानकाजवळ एक साखळी सुरू झाली. जम्बोकिंगचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. येथून आपण साखळी उपाहारगृहांच्या प्रांतात शिरतो. १९९५ साली केंटकी फ्राइड चिकन बेंगळुरूत आले. १९९६ साली मॅकडोनल्ड्सने दिल्लीत व मुंबईत दुकाने उघडली, त्याच वर्षी डोमिनोज आले. आता वसई-विरारच्या रस्त्यांवरही साखळ्यांचे दिवे लागले आहेत, आणि आमच्या धर्मग्रामातील मुलांना वाढदिवस तेथेच हवा असतो.

साखळ्यांना नावे ठेवणे ही आमच्या वयाच्या माणसाला सोपी जाणारी गोष्ट. म्हणून आधी त्यांची बाजू. तेथे स्वच्छतेचा एक नियम असतो आणि तो पाळला जातो. स्त्रियांना, मुलींना एकटीने जाऊन बसता येते. जुन्या हॉटेलांत 'फॅमिली रूम'च्या पडद्याआड त्यांना कोंडले जाई, तसे येथे नाही. पगार बँकेत जमा होतो, आपल्याच वस्तीतील महाविद्यालयीन मुले-मुली तेथे काम करून शुल्क भरतात. आणि रांग सर्वांना एकच. कोणी जात विचारीत नाही. मॅकडोनल्ड्सने तर या देशात गोमांस व डुकराचे मांस दोन्ही वर्ज्य केले, म्हणजे अमेरिकेची ती जगप्रसिद्ध साखळी येथे येताना स्थानिक भावनांपुढे नमली. हा विवेक म्हणावा की व्यापार? थोडे दोन्ही.

तरीही आम्हाला साखळी आवडत नाही, आणि कारण तिच्या पदार्थांत नाही. कारण असे की तेथे यजमानच नाही. बटाट्याची टिक्की विरारला, नागपुरात, दिल्लीत तंतोतंत सारखी असावी हेच त्या धंद्याचे यश. मग ती करणाऱ्या माणसाने आपल्या हाताची काही खूण ठेवली तर तो त्याचा दोष ठरतो. गिऱ्हाईकाचे तसेच. इराण्याला त्याचा रोजचा माणूस 'पानी कम' पितो हे ठाऊक असे. खाणावळवालीला कोणाला ताप आहे हे ठाऊक असे. येथे पडद्यावर बोट ठेवून मागणी नोंदवावयाची आणि आपला क्रमांक पुकारला जाण्याची वाट पाहावयाची. नातवाबरोबर आलेले आजोबा त्या पडद्यापुढे गोंधळून उभे राहतात, मागची रांग चुळबुळ करते. दार सर्वांना उघडे आहे हे खरे. पण ज्याच्या खिशात तेवढे पैसे नाहीत, ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, तो काचेच्या बाहेरच थांबतो. त्याला अडविणारा कोणी नसतो आणि म्हणून त्याची तक्रार ऐकणाराही कोणी नसतो. जुनी पाटी वाचून निदान राग येई.

आणखी एक पाऊल पुढे गेले म्हणजे घरपोच जेवण. तेथे तर मेजच नाहीसे झाले. पावसात भिजत आलेल्या तरुणाच्या हातून पुडके घेऊन दार लावून टाकावयाचे. त्याने दिवसभरात काही खाल्ले असेल काय, हा प्रश्न दाराबाहेर राहतो.

साखळीपेक्षाही आम्हाला नावडती अशी दोन स्थळे आपल्या आसपासच आहेत. नावे घेण्याचे कारण नाही, कारण ती एकदोन नाहीत. पहिले, सर्व काही मिळणारे 'मल्टिक्युझिन'. पंजाबी, चिनी, मोगलाई, मेक्सिकन अशी वीस पानांची यादी आणि आत तीन पातेली, एक लाल, एक पांढरे, एक हिरवे. नाव बदलते, रस्सा तोच. असत्याची चव फार काळ लपत नाही. दुसरे, अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावरील रिसॉर्टची पंगत. मुंबईहून सहलीला आलेले लोक एकदा पैसे भरतात व दिवसभर ताटे भरतात. निम्मे अन्न टाकून पोहण्याच्या तलावाकडे जातात. समुद्र समोर, कोळीवाडा हाकेच्या अंतरावर, आणि ताटात मात्र पनीर! ज्या गावात जेवलो त्या गावाचा एक घासही पोटात गेला नाही, असे जेवण म्हणजे नुसती जागा अडविणे.

याच ठिकाणी परीक्षकाची दृष्टी आपल्या घराकडे वळली पाहिजे. आगाशीच्या सुक्या केळ्यांची ख्याती ब्रिटिश काळातील इम्पीरियल गॅझेटियरने नोंदविलेली आहे. राजेळी केळी पिकवावयाची, सोलून उन्हात वाळवावयाची, मऊ सोनेरी झाली की पानात बांधावयाची. ही सुकेळी आज आपल्याच रस्त्यावरील किती उपाहारगृहांत मागितली तर मिळेल? आपल्या लग्नघरांतील फुगे, ज्यांचे पीठ पूर्वी ताडीने फुगवीत, आपले इंद्याल, उन्हाळ्यात कुटून वर्षभरासाठी भरून ठेवलेला मसाला, तांदळाची भाकरी आणि बोंबलाचे कालवण, यांना उत्तर कोकणाच्या हॉटेलांत जागाच नाही. गोव्याने आपले विंदालू जगाच्या मेजावर नेले. आम्ही आमचे पदार्थ लग्नाच्या मांडवाबाहेर येऊ दिले नाहीत. आता मांडवातही केटररची तीच तीन पातेली येऊ लागली आहेत. धर्मग्रामातील महिलांनी एकत्र येऊन अन्नपूर्णाच्या वाटेने एखादी साधी खाणावळ उघडली, तर ती पदार्थांची जपणूक होईल आणि संसाराला हातभारही लागेल. आमच्या या विधानाला उपदेश न समजता व्यवहाराची सूचना समजावे.

मात्र ती खाणावळ उघडताना पहिला प्रश्न पुन्हा विचारावाच लागेल. तेथे कोणाला जागा? आपल्या वाडीत दिवसभर राबणारा वारली बांधव चहा कोणत्या पेल्यात पितो आणि कोठे बसून पितो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. पंचहौदच्या चहाने ज्यांना एकेकाळी अस्पर्श ठरविले, त्यांच्याच अंगणात वेगळा पेला असणे शोभत नाही. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी येऊन पोटभर जेवत आणि कष्टकरी उशिरा येऊन उपाशी राहत, म्हणून संत पौलाने त्यांची कानउघाडणी केली होती. एकमेकांसाठी थांबा, असे त्याचे सांगणे होते. उपाहारगृहांच्या समीक्षेला याहून नेमकी कसोटी आम्हाला तरी सापडलेली नाही.

तेव्हा आमचा निवाडा असा. इराणी पहिला, कारण त्याने सर्वांना बसविले. खाणावळ दुसरी, कारण तिने जेवणाऱ्याची चिंता वाहिली. उडुपी तिसरा, कारण त्याने शेजारी निवडू दिला नाही. वडापावाची गाडी त्यांच्या पंगतीला उभी. साखळी मधल्या स्थानावर, तिच्या स्वच्छतेसाठी गुण आणि मुकेपणासाठी वजावट. तीन पातेल्यांचे हॉटेल व रिसॉर्टची पंगत त्याखाली, आणि जेथे पोऱ्या राबतो ते स्थळ सर्वांच्या शेवटी. सुज्ञ वाचकांनी या क्रमाशी सहमत व्हावे असा आमचा आग्रह नाही. पुढच्या रविवारी जेथे जाल तेथे ताटाकडे पाहण्याआधी एकदा आजूबाजूच्या खुर्च्यांकडे पाहावे. कोण बसले आहे, कोण उभे आहे, आणि कोण दाराबाहेर राहिले आहे, एवढे पाहिले की आपला क्रम आपल्यालाच लावता येईल.